मेंदूत साचलेले रक्त काढून का टाकत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बासष्ट वर्षांच्या वडिलांना उच्च रक्तदाबामुळे मेंदूच्या डाव्या भागात खोलवर रक्तस्राव झाला आहे. गुठळी सुमारे ३० मिलिलिटरची आहे, उजवा हात-पाय हलत नाही, हाक मारली की ते डोळे उघडतात, पण बोललेले नीट कळत नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हटले आहे, रक्तस्राव थांबवणारे औषधही दिलेले नाही, आणि पुढे काय होईल याला ‘थोडे थांबू’ एवढेच उत्तर मिळते. इतके संशोधन होऊनही या आजारावर काहीच करता येत नाही का, असे मुलाने विचारले आहे.

स्कॅन स्वतः न पाहता एखाद्या रुग्णाचा निर्णय बरोबर की चूक हे कोणी सांगू नये, मीही सांगणार नाही. मात्र आपण वर्णन केले आहे त्या परिस्थितीत आपल्या डॉक्टरांनी जे केले, त्यामागे बराच मोठा आणि बराचसा अपयशाचा इतिहास आहे. या आजारात पहिल्या काही तासांत करण्यासारखे पुष्कळ असते, नंतरच्या दिवसांत टाळण्यासारखे त्याहून अधिक असते, आणि काचेबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना या दोन्ही गोष्टी ‘काहीच चाललेले नाही’ अशाच दिसतात. ‘रक्त साचले आहे तर काढा ना’ हे वाक्य मी अतिदक्षता विभागाच्या दाराशी जवळजवळ रोज ऐकते. त्यात वावगे काही नाही, कारण वैद्यकशास्त्रानेही साठ वर्षांहून अधिक काळ हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे.

आधी रक्तस्राव होतो कसा ते पाहू. मेंदूच्या तळाशी मोठ्या रोहिण्यांतून काटकोनात फुटणाऱ्या अगदी बारीक रोहिण्या खोल भागांना रक्त पुरवतात. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब सोसून त्यांच्या भिंती झिजतात. शार्को आणि बुशार या फ्रेंच वैद्यांनी १८६८ मध्ये या रोहिण्यांवरचे सूक्ष्म फुगवटे दाखवून दिले. पुढे १९७१ मध्ये मिलर फिशर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचे पातळ काप तपासून असे मांडले की फुटणारी रोहिणी एकच नसते. पहिलीतून सांडलेले रक्त शेजारच्या ऊतींना ढकलते, त्या ताणाने कडेच्या रोहिण्या फाटतात आणि गुठळी कडेकडेने वाढत जाते. त्या काळी हा केवळ तर्क होता. त्याला आकड्यांचा आधार १९९७ मध्ये मिळाला. ब्रॉट आणि सहकाऱ्यांनी लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेल्या रुग्णांचा सीटी स्कॅन केला, तासाभराने पुन्हा केला आणि सुमारे वीस तासांनी तिसऱ्यांदा केला. पहिल्या तासाभरातच २६ टक्के रुग्णांची गुठळी ठळकपणे वाढलेली होती आणि तिसऱ्या स्कॅनपर्यंत आणखी १२ टक्क्यांची वाढली.

ही वाढ डोळ्यांना फसवते. गुठळीचे आकारमान आम्ही खाटेशेजारीच काढतो: ज्या कापात गुठळी सर्वांत मोठी दिसते त्यातली लांबी, तिला काटकोनात असलेली रुंदी आणि किती कापांत ती दिसते त्यावरून येणारी उंची, या तिघांचा गुणाकार करून निम्मा करायचा. समजा पहिल्या स्कॅनमध्ये ही मापे ४, ३ आणि ३ सेंटिमीटर आली, तर आकारमान १८ मिलिलिटर. चार तासांनी रुग्ण जरा जास्त झोपाळू वाटतो म्हणून पुन्हा स्कॅन केला आणि मापे ५, ४ आणि ४ आली. प्रत्येक बाजू फक्त एक सेंटिमीटरने वाढली, दोन चित्रे शेजारी ठेवली तर नवख्याला फरक किरकोळ वाटेल. पण आकारमान आता ४० मिलिलिटर आहे, म्हणजे दुपटीहून अधिक. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी मिळून साधारण दीड लिटर ऐवज असतो, आणि नवे काही आत शिरले तर जुने काही बाहेर जावे लागते. थोडे पाणी पाठीच्या कण्याकडे सरकते, थोडे शिरांतले रक्त बाहेर पडते, आणि तोवर रुग्ण बरा दिसतो. ही सवलत संपली की पुढचे थोडे मिलिलिटरही आतला दाब झपाट्याने वाढवतात. म्हणूनच परिचारिका रात्रभर दर तासाला टॉर्च घेऊन बाहुल्या पाहते. एक बाहुली दुसरीहून मोठी झाली आणि प्रकाशाला आकसेनाशी झाली, तर ती कोणाच्या परवानगीची वाट न पाहता थेट फोन करते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. लंडनमध्ये मॅकिसॉक आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांची शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेविना उपचार अशा दोन गटांत विभागणी करून १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेने लाभ झाला नाही. पण तो सीटी स्कॅनच्या आधीचा काळ होता (माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १९७१ मध्ये झाला), त्यामुळे गुठळी नेमकी कुठे आणि किती हे कळण्याची सोयच नव्हती, आणि नवे तंत्र आले तशी जुनी आशा पुन्हा जागी झाली. तिची मोठी परीक्षा म्हणजे ‘स्टिच’ नावाची चाचणी. २७ देशांतले १०३३ रुग्ण तिच्यात होते आणि २००५ मध्ये निकाल आला: लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांत २६ टक्के आणि आधी औषधोपचारांवर ठेवलेल्यांत २४ टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती. हा फरक नगण्य होता. पुढे फक्त पृष्ठभागाजवळच्या गुठळ्या निवडून ६०१ रुग्णांवर दुसरी स्टिच चाचणी झाली, २०१३ मध्ये तिचा निकाल आला आणि तिथेही निर्णायक लाभ दिसला नाही.

येथे जरा थांबते, कारण या चाचण्या वाचताना आमच्याच क्षेत्रातल्या पुष्कळांनी घाई केली. ‘शस्त्रक्रियेचा उपयोग नाही’ असे स्टिचने सांगितलेले नाही. ज्या रुग्णाबद्दल शल्यचिकित्सकाच्या मनात खरोखर संदेह होता, तोच रुग्ण या चाचणीत घेतला जात असे. अशा चाचणीत कोणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरते, आणि डोळ्यांदेखत ढासळणाऱ्या रुग्णाला कोणी चिठ्ठीच्या भरवशावर सोडत नव्हते. शिवाय औषधोपचारांच्या गटातील सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना प्रकृती बिघडल्यामुळे नंतर शस्त्रक्रिया करावीच लागली. आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत गेलेला मध्यक वेळ सुमारे ३० तास होता, म्हणजे गुठळी वाढण्याचा काळ केव्हाच सरला होता. मग लवकर करावी म्हटले, तर तोही प्रयत्न झाला आहे. चार तासांच्या आत कवटी उघडण्याचा एक छोटा अभ्यास ११ रुग्णांनंतर थांबवावा लागला, कारण त्यांपैकी अनेकांना शस्त्रक्रियेच्या जागीच पुन्हा रक्तस्राव झाला. फुटलेली रोहिणी अजून धरलेली नसते आणि तिच्यावरचा गुठळीचा दाब आपणच काढून घेतो.

आपल्या वडिलांच्या बाबतीत दुसरी अडचण जागेची आहे. खोलवरच्या गुठळीपर्यंत पोहोचायचे तर वाटेतला निरोगी मेंदू ओलांडावा लागतो, आणि भाषेचा कारभार बहुतेकांच्या डाव्याच बाजूला असतो. हात-पाय हलवणारे तंतू त्या भागातून अगदी दाटीने जातात. ते पहिल्या काही मिनिटांतच फाटले असतील, तर नंतर रक्त उपसून ते जोडले जात नाहीत. हे नातेवाइकांना समजावताना मला नेहमी जड जाते.

तरीही हा विषय संपलेला नाही, आणि गेली काही वर्षे मी त्याकडे पूर्वीपेक्षा अधिक आशेने पाहते. कवटीला लहान भोक पाडून गुठळीत नळी सोडायची, तीतून रक्त विरघळवणारे अल्टेप्लेज थोडे थोडे द्यायचे आणि पातळ झालेले रक्त वाहू द्यायचे, ही पद्धत ‘मिस्टी’ या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात ५०६ रुग्णांवर तपासली गेली. २०१९ चा तिचा एकूण निकाल निराशाजनक होता, पण ज्यांची उरलेली गुठळी १५ मिलिलिटर किंवा त्याहून कमी झाली, त्यांची स्थिती वर्षभराने बरी आढळली. हा निष्कर्ष निवडक रुग्णांपुरता असल्याने त्यावर भिस्त ठेवता येत नाही, तरी दिशा मिळाली. मग २०२४ मध्ये ‘एनरिच’ आली. ३० ते ८० मिलिलिटरची गुठळी, २४ तासांच्या आत, मेंदूच्या घड्यांमधून तंतूंच्या दिशेला समांतर सरकवलेल्या अरुंद नळीतून काढायची, अशी तिची रीत होती. ३०० रुग्णांत शस्त्रक्रियेचा लाभ स्पष्ट दिसला आणि तीस दिवसांतील मृत्यू १८ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर आले. मात्र हा लाभ पृष्ठभागाजवळच्या गुठळ्यांमुळे होता. खोल भागातल्या गुठळ्यांचे रुग्ण घेणे चाचणीच्या नियमांनुसार मध्येच बंद करण्यात आले, कारण त्यांच्यात लाभाची चिन्हे नव्हती. वडिलांना ‘नको’ का म्हटले असेल याचे कारण बहुधा येथे आहे. त्याच वर्षीच्या ‘स्विच’ या १९७ रुग्णांच्या चाचणीत खोल आणि मोठ्या रक्तस्रावात गुठळीला हात न लावता फक्त कवटीचा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून दिली गेली. मृत्यू किंवा अतितीव्र परावलंबित्व ५८ टक्क्यांऐवजी ४४ टक्क्यांत दिसले, पण आकडेवारीने ते पक्के ठरण्याइतके रुग्ण नव्हते, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांना मोठे अपंगत्व राहिले.

लहान मेंदूतला रक्तस्राव हा वेगळाच प्रकार आहे. तिथे जागा इतकी कमी आणि श्वासाचे केंद्र इतके जवळ असते की गुठळी मोठी असली आणि शुद्ध हरपू लागली तर शस्त्रक्रियेला उशीर करत नाहीत.

रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधांची कहाणी तर आमचा अहंकार उतरवणारी आहे. रक्त गोठवणारा सातवा घटक ‘फास्ट’ या ८४१ रुग्णांच्या चाचणीत दिला गेला. गुठळीची वाढ खरोखरच कमी झाली, पण २००८ मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यू आणि अपंगत्व तेवढेच होते, आणि जास्त मात्रेच्या गटात रोहिण्यांत नको तिथे रक्त गोठण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेले. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त आणि ओळखीचे औषध ‘टिच’च्या दुसऱ्या चाचणीत २३२५ रुग्णांवर तपासले गेले. पहिल्या आठवड्यातले मृत्यू थोडे घटले, पण तीन महिन्यांनंतरच्या स्थितीत फरक आढळला नाही. ॲस्पिरिन घेणाऱ्यांना रक्तस्राव झाला की आम्ही अनेक वर्षे प्लेटलेटच्या पिशव्या चढवत होतो, मीही चढवल्या आहेत, आणि ते इतके तर्कशुद्ध वाटत होते की कोणी चाचणी करावी असे मनात आले नाही. २०१६ मध्ये ‘पॅच’चा निकाल आला. १९० रुग्णांपैकी ज्यांना प्लेटलेट दिल्या, त्यांची मृत्यू किंवा परावलंबित्वाची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली. आता तातडीची शस्त्रक्रिया ठरलेली नसेल तर आम्ही त्या देत नाही. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याची सवय त्याहून चिवट होती. थायलंडमध्ये ९३ रुग्णांवर केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनचा लाभ नाही, उलट संसर्गासारख्या गुंतागुंती वाढतात, असे दिसले होते. तरी त्यानंतर कितीतरी वर्षे मी केसपेपरवर ते इंजेक्शन लिहिलेले पाहत आले.

वडील वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेत असते, तर मात्र त्याचा उतारा ताबडतोब देणे आवश्यक होते. आपण तसे काही लिहिलेले नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

मग उपयोग कशाचा होतो? रक्तदाबापासून सुरुवात करते. ‘इंटरॲक्ट’च्या दुसऱ्या चाचणीत २८०० हून अधिक रुग्णांचा वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणायचा की १८० पर्यंत चालू द्यायचा, याची तुलना झाली. २०१३ चा मुख्य निकाल आकडेवारीने पक्का ठरण्याच्या अगदी उंबरठ्यावर अडला, तरी अपंगत्वाच्या सर्व पायऱ्या एकत्र पाहिल्या तर कल कमी दाबाच्या बाजूने होता. म्हणून आणखी खाली आणावा का, हे ‘अटॅच’च्या दुसऱ्या चाचणीने १००० रुग्णांत पाहिले. लाभ झाला नाही आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी ४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शनात म्हणूनच १४० हे लक्ष्य आणि १३० ते १५० हा पट्टा दिला आहे, आणि १३० च्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे. दाब उतरवताना तो सलग आणि न हिंदकळता उतरला पाहिजे. पंपावरचे औषध संपले, नवी सिरिंज लावायला पाच मिनिटे लागली आणि तेवढ्यात दाब १९० वर गेला, असे होऊ नये म्हणून चांगली परिचारिका दुसरी सिरिंज आधीच भरून ठेवते. शोधनिबंधात ही गोष्ट कुठे दिसणार नाही.

माझ्या मते या क्षेत्रातला अलीकडचा सर्वांत उपयोगी निकाल ‘इंटरॲक्ट’च्या तिसऱ्या चाचणीचा आहे, आणि त्यात नवे औषध एकही नाही. दहा देशांतल्या १२१ रुग्णालयांनी ७०३६ रुग्णांवर आळीपाळीने उपायांचा एक गठ्ठा राबवला: वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली, साखर ठरलेल्या मर्यादेत, ताप ३७.५ अंशांच्या वर जाऊ न देणे, आणि वॉरफेरिन घेतले असेल तर तासाभरात उतारा. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा वाईट परिणामाची शक्यता १४ टक्क्यांनी घटलेली होती. या चारही गोष्टी प्रत्येक डॉक्टरला माहीत असतात, पण त्या चारही, वेळेत आणि प्रत्येक रुग्णाला होतात का, हे कोणी मोजत नव्हते. याच जातीची आणखी दोन कामे आहेत. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून पाणीसुद्धा द्यायचे नाही, कारण श्वासनलिकेत गेलेला एक घोट न्यूमोनियाला पुरतो. आणि पायांत रक्त गोठू नये म्हणून हवा भरणाऱ्या पट्ट्या लावायच्या. वडिलांच्या पोटऱ्यांभोवती आळीपाळीने फुगणारे जे दिसते ते हेच. २८७६ रुग्णांच्या ‘क्लॉट्स’ चाचणीने २०१३ मध्ये त्यांचा उपयोग सिद्ध केला आहे. नातेवाईक प्रेमापोटी चमच्याने पाणी पाजतात, ते मात्र कृपा करून टाळा.

राहिला ‘थोडे थांबू’चा प्रश्न. मृत्यूचा अंदाज बांधण्यासाठी हेम्फिल यांनी २००१ मध्ये साधी गुणपद्धत दिली. शुद्धीची पातळी, गुठळी ३० मिलिलिटर किंवा अधिक, मेंदूच्या पोकळ्यांत रक्त, लहान मेंदू किंवा मेंदूस्तंभातला रक्तस्राव आणि वय ८० किंवा अधिक, अशा बाबींचे गुण मोजायचे. मूळच्या १५२ रुग्णांत १ गुण असलेल्यांपैकी १३ टक्के आणि २ गुण असलेल्यांपैकी २६ टक्के तीस दिवसांत दगावले, ३ गुणांवर हा आकडा एकदम ७२ टक्क्यांवर गेला. आता वडिलांची गुठळी २९ मिलिलिटर मोजली की ३०, यावर एक गुण ठरतो, आणि दोन अनुभवी डॉक्टरांनी तोच स्कॅन मोजला तरी याहून मोठा फरक पडू शकतो. अशा आकड्यावर एखाद्या माणसाचे भविष्य सांगणे मला पटत नाही. शिवाय त्या आकड्यांत एक खोट दडलेली असते, ती बेकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच दाखवली. ‘हा रुग्ण काही वाचत नाही’ असे ठरले की उपचार आवरते घेतले जातात, रुग्ण दगावतो, आणि तो मृत्यू पुढच्या रुग्णाच्या वाईट अंदाजाला पुरावा म्हणून जोडला जातो. म्हणूनच आधी तशी इच्छा नोंदवलेली नसेल, तर उपचार मर्यादित करण्याचा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस संपेपर्यंत घेऊ नये, अशी शिफारस २०२२ च्या मार्गदर्शनात आहे. आपल्या डॉक्टरांचे थांबणे मला या अर्थाने योग्य वाटते.

सुधारणा किती दिवसांनी दिसते याबद्दल एक मोलाची माहिती मिस्टी आणि पोकळ्यांतील रक्तस्रावावरच्या ‘क्लिअर’ या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून आली. तिसाव्या दिवशी जे अंथरुणाला खिळलेले किंवा बरेचसे परावलंबी होते, त्यांच्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण वर्षभरात आधाराविना चालण्याइतपत सुधारले. सगळे सुधारतात असे नाही, काही त्या वर्षात दगावतातही. पण महिन्याभरात आशा सोडणाऱ्या कुटुंबांना मी हा आकडा आवर्जून सांगते, आणि फिजिओथेरपी व वाचा-उपचार प्रकृती स्थिर होताच सुरू करण्याचा आग्रह धरते.

डॉक्टरांशी बोलताना आपण चार गोष्टी विचाराव्यात: दुसऱ्या स्कॅनमध्ये गुठळी वाढली का, रक्त पोकळ्यांत उतरून पाणी तुंबले आहे का, कोणत्या बदलानंतर ते शस्त्रक्रियेचा पुन्हा विचार करतील, आणि घरी जाताना रक्तदाबाचे लक्ष्य किती असेल. वडिलांना हृदयासाठी ॲस्पिरिन लागत असेल तर ते कायमचे बंद झाले असे समजू नका. ‘रिस्टार्ट’ या ५३७ रुग्णांच्या चाचणीत ते पुन्हा सुरू केलेल्यांत रक्तस्राव वाढल्याचे दिसले नाही, तरी केव्हा सुरू करायचे हे त्यांच्याच डॉक्टरांनी ठरवायचे आहे. रक्तदाबाचे लक्ष्य मात्र बहुधा १३०/८० च्या आत असेल. घरी मोजण्याचे यंत्र घ्या, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा आणि पहिल्या तपासणीला ती वही सोबत न्या.